रांचीहून परतल्यावर

लखनौच्या अमीनाबादेत चिकनचे कुर्ते, काचेच्या बांगड्या आणि टुंड्यांचे कबाब मिळतात, हे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. शहरातल्या औषध दुकानदारांचं अमीनाबाद मात्र वेगळं आहे. त्यांच्यासाठी हा औषधांचा घाऊक बाजार आहे. अरुंद बोळांत खोक्यांनी लादलेल्या हातगाड्या, बिलांचे गठ्ठे, घाईतले हमाल. त्या खोक्यांत रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांसोबत रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन, लिथियम, क्लोझापिनही असतं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्या माणसाला वर्षानुवर्षं सावरून धरणारी ही औषधं आता दुर्मिळ राहिलेली नाहीत.

डॉक्टरही फार लांब नाहीत. अमीनाबादपासून चालत जाण्याच्या अंतरावर बलरामपूर रुग्णालय आहे. पलीकडे चौकाच्या बाजूला किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि त्याचा मानसोपचार विभाग. कैसरबाग ओलांडून लालबागेत गेलं की नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र. औषध, डॉक्टर, खाट असं सगळं या एवढ्याशा टापूत आहे. तरीही मनोरुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस याच टापूत महिन्या-दोन महिन्यांत कोसळू शकतो. कारण रुग्णालयाच्या फाटकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतची वाट कुणाच्याच अखत्यारीत येत नाही. रुग्णालयाचं काम फाटकाशी संपतं. घरच्यांना वाटतं, बरा करून पाठवला, आता काय राहिलं? ही मधली वाट म्हणजे उपचाराचाच अर्धा भाग आहे आणि आपण तो भाग अजून सुरूच केलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लखनौला ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वी कळायला हवी होती, कारण या शहराचा सगळ्यांत लाडका कवी याच वाटेवर हरवला.

असरार-उल-हक मजाज यांचा जन्म 1911 सालचा, तेव्हाच्या बाराबंकी जिल्ह्यातल्या रुदौलीचा. वडील सरकारी नोकरीत, लखनौला. मजाज यांचं शालेय शिक्षण अमीनाबाद हायस्कुलात झालं, पुढे आग्रा आणि अलीगढ. अलीगढ विद्यापीठात आजही गायलं जाणारं गीत त्यांचंच. 1938 साली 'आहंग' हा संग्रह आला तेव्हा ते तरुण पिढीच्या गळ्यातला ताईत झाले होते. घरात त्यांना जग्गन म्हणत. रात्र रात्र जागणारा मुलगा म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. धाकटी बहीण हमीदा सालिम यांनी पुढे भावाच्या आठवणी लिहिल्या, त्याही याच नावाने.

पहिला मोठा झटका 1940 च्या सुमारास आला, दुसरा 1945 च्या आसपास. मध्ये बरे दिवसही होते; लेखन, मुशायरे, नोकऱ्या धरणं आणि सोडणं चालू होतं. दारू मात्र वाढत गेली. 1952 साली अवस्था इतकी बिघडली की घरच्यांनी त्यांना रांचीच्या मनोरुग्णालयात नेलं. त्या वर्षी बंगालचे काझी नझरूल इस्लामही उपचारासाठी रांचीतच होते. दोन भाषांचे दोन मोठे कवी एकाच वेळी एकाच गावी. मजाज काही महिन्यांनी परतले. निवळले होते, दारू सुटली होती, घरच्यांना हायसं वाटत होतं.

मग जानेवारी 1953 मध्ये बहीण सफिया गेली. सफिया अख्तर म्हणजे शायर जाँनिसार अख्तर यांची पत्नी. तिची दोन लहान मुलं, जावेद आणि सलमान, लखनौला आजोळी आली. बहिणीवर मजाज यांचा फार जीव होता. ते पुन्हा खचले आणि जुन्या मैफिलींकडे वळले. डिसेंबर 1955 च्या सुरुवातीला उर्दूच्या एका संमेलनासाठी देशभरचे साहित्यिक लखनौत जमले होते. ते संपल्यावर मजाज काही सोबत्यांबरोबर लालबागेतल्या एका गुत्त्याच्या गच्चीवर प्यायला बसले. सोबती उठून गेले. मजाज तिथेच राहिले, लखनौच्या डिसेंबरातल्या रात्री, उघड्यावर. सकाळी त्यांना बलरामपूर रुग्णालयात हलवलं. 5 डिसेंबरला ते गेले. वय 44.

ही हकीकत उर्दू जगात दारूचे दुष्परिणाम किंवा भग्न प्रेम यांचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला तीत दुसरंच काही दिसतं. मजाज यांना काय नव्हतं? घर होतं, जीव लावणारे आईवडील होते, बहिणी होत्या, नाव होतं, मित्र तर शहरभर होते. परतलेल्या रुग्णाला जे मिळावं म्हणून आज कार्यकर्ते धडपडतात, त्यातलं पुष्कळ त्यांच्याकडे होतं. जे नव्हतं ते साधं होतं, पण जिवावर बेतलं. दर आठवड्याला येऊन झोप कशी आहे, भूक कशी आहे, कुणाबरोबर उठबस आहे हे विचारणारा जाणकार माणूस नव्हता. बहीण वारली, आता याच्याकडे दुप्पट लक्ष ठेवा, हे घरच्यांना सांगणारं कुणी नव्हतं. दिवस भरून टाकेल असं नेमाचं काम नव्हतं. आणि सांजवेळी जाऊन बसायला गुत्त्याखेरीज दुसरी जागा नव्हती.

औषधाचं म्हणाल, तर काळ अगदी काठावरचा होता. मजाज रांचीत होते त्याच 1952 साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी मनोविकारावर क्लोरप्रोमाझिन वापरून पाहिलं. जगभरच्या मनोरुग्णालयांची दारं उघडणारं ते पहिलं औषध. आज अमीनाबादच्या घाऊक बाजारात त्याच्या गोळ्या अगदी स्वस्तात मिळतात. पण गोळी असली तरी ती वेळेवर घेतली का हे बघणारा हवाच. मजाज यांच्या बाबतीत अडचण होती ती इथे, आणि ती अजून तशीच आहे.

सफियाच्या दोन मुलांपैकी धाकटा सलमान पुढे मनोविकारतज्ज्ञ झाला. डॉ. सलमान अख्तर हे आज अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातले नामवंत मनोविश्लेषक आहेत. थोरला जावेद, तो कोण हे सांगायला नको.

*

ज्या लालबागेत मजाज यांनी ती रात्र काढली, तिथेच त्याआधी पाच वर्षं, 1950 साली, नूर मंझिल सुरू झालं होतं. ते उभारणारे अमेरिकन मेथडिस्ट धर्मोपदेशक ई. स्टॅन्ली जोन्स. हा माणूस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लखनौला आला आणि इथल्या कामाच्या ताणाने स्वतःच मनाने पार मोडून पडला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. सावरल्यावर त्यांनी जगभर व्याख्यानं दिली, गांधीजींशी स्नेह जोडला, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. उतारवयाकडे झुकताना जिथे आपण कोसळलो त्याच शहरात मनाच्या आजारांसाठी केंद्र काढलं. भिंती आणि साखळ्यांच्या त्या काळात, गजबजलेल्या वस्तीच्या मधोमध.

वस्तीच्या मधोमध असणं महत्त्वाचं आहे. इंग्रजांनी वेड्यांची इस्पितळं गावाबाहेर, उंच भिंतींच्या आत बांधली. उत्तर प्रदेशातली आग्रा, बरेली आणि वाराणसीची सरकारी मनोरुग्णालयं एकोणिसाव्या शतकातली. आपल्याकडे नागपूर 1864, रत्नागिरी 1886, ठाणे 1901 आणि येरवडा त्यानंतरचं. गाव वाढलं, भिंतीला भिडलं, तरी भिंत तशीच राहिली. मी पुण्यात वाढले. भांडणात कुणीही कुणालाही येरवड्याला पाठवायचं, आणि त्यात तुरुंग की वेड्यांचं इस्पितळ हे सांगायची गरज पडत नसे. दोन्ही एकाच नावाने ओळखले जात.

1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक वेगळी गोष्ट केली. रुग्णालयात जागा अपुरी होती. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या आईला, बायकोला, भावाला त्याच्याबरोबर राहायला बोलावलं. स्वयंपाक त्यांनीच करायचा, संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून आजाराबद्दल बोलायचे. नातलगांनी माणूस आजारी पडताना आणि बरा होताना दोन्ही पाहिला, त्यामुळे घरी नेताना त्यांना भीती राहिली नाही. पुढे वेल्लोर आणि बंगळूरमध्येही कुटुंबासह राहण्याची सोय झाली. आज आपल्या सामान्य रुग्णालयांतल्या मानसोपचार वॉर्डात खाटेशेजारी कुणीतरी घरचं बसलेलं असतं. डबा असतो, पाण्याची बाटली असते, जमिनीवर अंथरलेली चादर असते. पश्चिमेतल्या डॉक्टरांना याचं आश्चर्य वाटतं.

या नात्यांचा फायदा मोजलाही गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1960 च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास हाती घेतला. त्यातलं भारतातलं केंद्र आग्र्याला होतं. काही वर्षांनी पाहिलं तर भारत आणि नायजेरियातल्या रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी निघाली. कारणांवर अजून वाद आहेत. पण त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या टोकाने तिथेच पोचत होते. रुग्णालयातून सुटलेला माणूस ज्या घरात जातो तिथे त्याच्यावर सतत टीका होत असेल, किंवा त्याची अतोनात काळजी करत त्याला मुठीत धरलं जात असेल, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. 1980 च्या दशकात चंदीगडमध्ये डॉ. एन. एन. विग आणि ज्युलियन लेफ यांनी हेच भारतीय कुटुंबांत तपासलं, तेव्हा आपल्या घरांत असा ताण लंडनपेक्षा कमी आढळला.

हे वाचून छाती फुगवण्याचं कारण नाही. तेव्हाची घरं मोठी होती, शेतावर कमी-जास्त काम करणारा एक हात खपून जाई. आता दीड खोलीत चार माणसं राहतात आणि सकाळी साडेसातला सगळे बाहेर पडतात. रात्रीच्या गोळीने जड झालेला माणूस दहापर्यंत उठत नाही. गोळीमुळे वजन वाढतं, हात थरथरतो, तोंडातून लाळ गळते. घरच्यांना यातलं काही कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना दिसतो तो आळस. मग बोलणी सुरू होतात. बोलणी नकोत म्हणून तो गोळी बंद करतो. दोन-तीन आठवडे एकदम तरतरीत वाटतं, घरचेही खूश होतात, आणि मग पुन्हा रिक्षा, पुन्हा रुग्णालय. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कुठल्याही सामाजिक कार्यकर्त्याला विचारा, ही साखळी पाठ असते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'मध्ये (2004) स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला सांभाळणारी बहीण आपण पाहिली आहे. त्या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. धुळ्याकडचे, कॅनडात प्राध्यापकी केलेले, घरातच हा आजार अनुभवलेले. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे शुभार्थी, म्हणजे हा आजार असलेली माणसं, आणि त्यांचे नातलग एकत्र बसतात. 'तुमच्याकडे रात्री काय करता?', 'गोळी कशी देता?' असे प्रश्न डॉक्टरला विचारायला संकोच वाटतो, दुसऱ्या आईला विचारायला वाटत नाही. अशा गटांना खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक तालुक्याला एक का नाही, याला काही उत्तर नाही.

*

आतापर्यंत आपण बोललो ते घर असलेल्यांविषयी. ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांचं काय?

भारतातल्या 24 राज्यांतल्या 43 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तिथल्या 36.25 टक्के लोकांना आत राहून वर्ष किंवा त्याहून जास्त झालं होतं. जवळपास पाच हजार माणसं. यातले पुष्कळ औषधावर स्थिर झालेले असतात. फाईलवर घरी पाठवण्यायोग्य म्हणून शेरा पडलेला असतो. पत्र जातं, उत्तर येत नाही. पत्ता चुकीचा निघतो. कधी भाऊ येतो, बघून जातो, जमिनीच्या कागदावर अंगठा घेऊन जातो. बाईच्या बाबतीत तर सासर म्हणतं माहेरी न्या, माहेर म्हणतं आता ती सासरची. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे. केवळ स्किझोफ्रेनिया हे नाव लागलं म्हणून लग्न मोडता येत नाही, आजार किती तीव्र आहे हे पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच सांगितलं आहे. पण बायकोला इस्पितळाच्या दारात सोडून निघून जाणाऱ्याला घटस्फोट घेण्याचीही गरज वाटत नाही.

या लोकांसाठी दिल्लीचे वकील गौरवकुमार बन्सल सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्या याचिकेत पहिलं प्रतिवादी राज्य उत्तर प्रदेश होतं. तिथल्या मनोरुग्णालयांत बरे होऊनही अडकून पडलेल्यांचा प्रश्न त्यांनी मांडला. जुलै 2017 मध्ये न्यायालयाने हा देशभराचा प्रश्न मानून सर्व राज्यांना पुनर्वसनाची व्यवस्था करण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याचं 19 वं कलम मला फार मोलाचं वाटतं. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं ते सांगतं. हाफ-वे होम, गट-निवास अशा सोयी सरकारने करायच्या आहेत. 98 वं कलम म्हणतं, माणसाला सोडण्याआधी डॉक्टरने त्याच्याशी, त्याने नेमलेल्या प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याकडे राहणार त्या घरच्यांशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोलून योजना ठरवायची. मजाज यांच्या घरी 1952 साली हे संभाषण झालं असतं तर, हा विचार ते कलम वाचताना मनातून जात नाही.

कायदा झाला, आणि आपल्या महाराष्ट्राने काय केलं? बरे झालेले काही लोक मनोरुग्णालयांतून काढून भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले. आकड्यांत पुनर्वसन दिसलं. ज्याने आयुष्यात कधी भीक मागितली नाही, गुन्हा केला नाही, त्याला 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली माणसं डांबण्यासाठी असलेल्या इमारतीत नेऊन ठेवलं. बन्सल पुन्हा न्यायालयात गेले. जुलै 2021 मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे असं सांगून ते ताबडतोब थांबवायला लावलं. कर्वे, फुले, आमटे यांची नावं घेणाऱ्या राज्याला हे ऐकून घ्यावं लागलं, याची मला लाज वाटते.

*

याच राज्यात दुसरं कामही झालं आहे, आणि ते सांगण्यासारखं आहे.

ठाण्याच्या मनोरुग्णालयात 1850 खाटा, येरवड्यात 2540, नागपुरात 940, रत्नागिरीत 365. ठाण्यातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2011 साली 'तारशा' हा प्रकल्प सुरू केला. त्यांनी वेगळा आश्रम बांधला नाही. बाईला नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली, जिथे शेजारच्या खाटेवर नर्स असेल, दुकानात काम करणारी मुलगी असेल. सोबत समुपदेशन, औषधांचा पाठपुरावा, कामाचं प्रशिक्षण, मग नोकरी. लोकलचा पास कसा काढायचा, बँकेत खातं कसं उघडायचं, पगारातलं किती मागे टाकायचं, हे सगळं पुन्हा शिकणं. दहा वर्षं आत राहिलेल्या बाईने नोटाबंदीनंतरची नोट पाहिलेली नसते. साधा फोन ठाऊक असतो, टचस्क्रीन नसतो. आधार कार्ड नसतं, आणि ते नसलं की बँक खातं नाही, अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही, संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही भरता येत नाही. मनोविकार हे 2016 च्या कायद्याने अपंगत्व मानलं गेलं आहे, पण प्रमाणपत्राच्या रांगेत उभं राहायला आधी कुठला तरी पत्ता लागतो. मनोरुग्णालय हा पत्ता लिहायचा का, यावरच कितीतरी अर्ज अडतात.

रत्नागिरीत चेन्नईच्या 'बन्यन' संस्थेने 'होम अगेन' नावाचं काम आणलं. संस्था 1993 सालची, वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी सुरू केलेली. ही घरांची कल्पना त्यांनी 2015 पासून राबवली. साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं. रुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या चार-पाच जणींनी किंवा जणांनी तिथे एकत्र राहायचं. कुणाबरोबर राहायचं हे त्यांनीच ठरवायचं. मदतीला एक स्थानिक बाई, तिला परिचारिकेची पदवी लागत नाही. माणुसकी, प्रशिक्षण आणि पाठीशी डॉक्टर लागतो. भाजी कुठली आणायची, दिवा कधी मालवायचा, आज आंघोळ करायची की नाही, हे निर्णय रुग्णालयात घंटा घेते. इथे माणूस घेतो. सुरुवातीला पुष्कळांना ते जमत नाही. ताट समोर आलं तरी जेवायला सांगेपर्यंत थांबतात. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर राहिलेलं हे दुखणं मूळ आजाराचं नव्हे, इमारतीचं. ते हळूहळूच उतरतं.

आणि कर्जत. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी एकदा एका हॉटेलात बसले असताना रस्त्यापलीकडे एक अस्ताव्यस्त तरुण नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहिला. त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेलं, उपचार केले. तो आंध्र प्रदेशातला, प्रयोगशाळा तंत्राचं शिक्षण घेतलेला मुलगा निघाला. त्यातून 1988 साली श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान उभं राहिलं. 2006 पासून त्याचं केंद्र कर्जतला आहे. 2018 साली भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णाला आणायचं, बरं करायचं, त्याच्या बोलण्यातून गावाचं नाव शोधायचं आणि कार्यकर्त्याने रेल्वेने स्वतः घरापर्यंत पोचवायचं, असं ते काम. मुंबईच्या फलाटांवर सापडणाऱ्यांत उत्तर प्रदेश, बिहारकडची माणसं पुष्कळ. त्यामुळे लखनौकडे जाणाऱ्या गाड्यांनी हरवलेली कितीतरी माणसं मराठी कार्यकर्त्यांच्या सोबतीने आपापल्या गावी गेली आहेत. घरी आधीच दिवस घातलेले असतात, बायकोने कुंकू पुसलेलं असतं, आणि दारात तो उभा असतो.

त्यानंतरच्या सकाळीच खरी परीक्षा सुरू होते. गावात महिन्याची गोळी कुठे मिळणार? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे, म्हणजे जिल्हा रुग्णालयात औषध मिळायला हवं. पण चाळीस-पन्नास किलोमीटरचा एसटीचा किंवा जीपचा प्रवास, रोजगार बुडवून सोबत जाणारा माणूस, आणि तिथे पोचल्यावर आज साठा नाही हे उत्तर, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कुणी जात नाही. 2022 पासून 14416 हा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे. रात्री घाबरलेल्या घराला त्याचा आधार होतो, पण फोनमधून गोळी येत नाही.

*

घरांची सोय न करता रुग्णालयं रिकामी केली तर काय होतं, याचा धडा अमेरिकेने जगाला दिला. 1955 साली, मजाज गेले त्या वर्षी, अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. नवी औषधं आली, 1963 साली केनेडींनी वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रं उभारण्याचा कायदा केला. रुग्णालयं रिकामी झाली. केंद्रं मात्र ठरवल्यापेक्षा फार कमी उभी राहिली. माणसं पुलांखाली आणि तुरुंगांत गेली. इटलीत ट्रिएस्ट शहरात फ्रँको बाझालिया यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. 1971 साली मनोरुग्णालयाचा कारभार हाती आल्यावर त्यांनी आधी रुग्णांची सहकारी संस्था काढली. जे आत फुकट झाडू मारत, कपडे धूत, त्यांना त्याच कामाची रीतसर मजुरी मिळू लागली. मग भाड्याची घरं, मग चोवीस तास उघडी केंद्रं, आणि शेवटी फाटक उघडलं. 1978 साली इटलीने मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा केला, त्याच्या आधी या शहरात पर्याय उभा होता.

मजुरीचा हा मुद्दा मला अमीनाबादकडे पाहताना वारंवार आठवतो. आपल्या मनोरुग्णालयांत व्यवसायोपचार असतो: मेणबत्त्या, पाकिटं, शिवण. दिवाळीला प्रदर्शन भरतं, आपण कौतुकाने पणत्या घेतो. पण करणाऱ्याच्या हातात महिनाअखेर किती पडतात? अमीनाबादच्या दुकानातला चिकनचा कुर्ता अनेक हातांतून गेलेला असतो. एक कापतो, दुसरा लाकडी ठशाने पुसून जाणाऱ्या रंगात नक्षी उठवतो, मग कापड घराघरांत बायकांकडे जातं. कुणी टेपचीचा टाका घालते, कुणी बखिया, कुणी मुर्री, कुणी फक्त जाळी काढते, आणि शेवटी धोबी तो रंग धुऊन काढतो. गोळीमुळे सकाळी जड वाटणारी बाई दुपारी दोन तास टेपची घालू शकेल. कुणी तिच्यावर ओरडणार नाही, वेळेचं बंधन नाही, आणि तिचा टाका शेजारणीच्या टाक्यापेक्षा वेगळा ओळखू येणार नाही. मात्र हे सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चिकनकारीत दलाल मधे असतो आणि टाके घालणारीच्या वाट्याला अगदी थोडं येतं. तिच्यासाठी नीट मोबदल्याची बोलणी करणारी संस्था पाठीशी नसेल, तर आजारातून उठलेल्या बाईला आपण फक्त एका नव्या पिळवणुकीत ढकलू.

म्हणून काम, खोली आणि पाठपुरावा या गोष्टी सुट्या सुट्या करून भागत नाही. मनोरुग्णालयातल्या एका खाटेवर राज्य रोज जे खर्च करतं, इमारत, पगार, जेवण, वीज धरून, त्या पैशांत चार-पाच जणींच्या एका भाड्याच्या घराचा मोठा वाटा निघू शकतो. तरी सरकारला घरं घेणं अवघड जातं, कारण अंदाजपत्रकात खाटेचं शीर्षक आहे, भाड्याचं नाही. लखनौत तर सरकारी मनोरुग्णालय नाही. इथला माणूस बरेलीहून किंवा आग्र्याहून सुटून येतो. त्याच्या हातात असतं औषधांचं पाकीट, एक चिठ्ठी आणि बसचं तिकीट. बलरामपूर रुग्णालय किंवा वैद्यकीय विद्यापीठाला तो येतोय हे कळवणारी यंत्रणा हवी. आल्यावर पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा दार वाजवणारा सामाजिक कार्यकर्ता हवा. ज्यांना दारच नाही त्यांच्यासाठी कैसरबाग, लालबाग, अमीनाबाद अशा दाट वस्तीत पाच-सहा भाड्याची घरं हवीत, जिथून औषधाचं दुकान, दवाखाना आणि काम पायी गाठता येईल.

घरमालक तयार होतील का, हा प्रश्न पहिला विचारला जातो. वेड्यांना खोली देऊ नका म्हणून शेजारीपाजारी येतातच. चेन्नईत आले, ठाण्यात आले. ते येणार हे धरूनच काम करावं लागतं. संस्थेच्या नावाने भाडेकरार करायचा, भाडं दर पाच तारखेला द्यायचं, तक्रार आली तर त्याच दिवशी कुणीतरी जायचं. ठाण्यात, रत्नागिरीत, चेन्नईत ही पद्धत चालली आहे. उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांना न्यायालयाने वाट दाखवून काही वर्षं झाली. आता पुढच्या अंदाजपत्रकात भाड्याचं ते एक शीर्षक उघडावं, आणि पहिला करार या हिवाळ्याआधी व्हावा.